साहेबाची नोकरी गेल्यावर

पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र खेडे. आज ते जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. आषाढी एकादशीला येथे विठ्ठलाचा रथ निघतो आणि त्या दिवशी जळगावची माणसे येथे लोटतात. एरवी औद्योगिक वसाहतीत, दुकानांत, शाळा-कचेऱ्यांत कामाला जाणाऱ्या नोकरदारांची ही वस्ती आहे. या वस्तीतील एक गृहस्थ गेले चार महिने रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडतात आणि सायंकाळी सहाच्या सुमारास परततात. वय बावन्न. प्लास्टिकच्या एका कारखान्यात बावीस वर्षे होते; त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे उत्पादन व्यवस्थापक म्हणून. कारखान्याची मालकी बदलली, नव्या मालकाने आपला माणूस आणला, आणि यांच्या हातावर तीन महिन्यांचा पगार ठेवून राजीनामा लिहून घेतला. शेजाऱ्यांना अजून याचा पत्ता नाही. पत्नीला आहे, कारण डबा तीच भरते. तो बहुधा रेल्वे स्थानकावरच्या बाकावर उघडला जातो.

ही हकिकत पक्षाच्या काही कार्यकर्त्यांच्या कानी आली तेव्हा त्यांतील एक जण हसला. त्याला दोष देता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अकरा कंत्राटी कामगारांना कमी करण्याचा कागद निघाला, त्यावर सही याच गृहस्थांची होती. आता कळू दे त्यालाही, ही भावना मानवी आहे. पण भावना मानवी असली म्हणजे ती धोरण म्हणून चालते असे नाही. पन्नाशीतला अनुभवी माणूस बेकार होतो तेव्हा तो काम कसे शोधतो, त्याला ते कोण मिळवून देते आणि कोण नाकारते, हा प्रश्न कामगार चळवळीने आजवर परका मानला. तो परका मानण्यात मालकवर्गाची मोठी सोय झाली आहे.

प्रथम कायदा पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतून व्यवस्थापनाचे काम करणारांना वगळले गेले. देखरेखीचे काम करणारा मनुष्य विशिष्ट पगारापर्यंत कामगार, त्यापुढे नाही. ही मर्यादा आधी ५०० रुपयांची होती, पुढे १६०० झाली, २०१० मध्ये १०,००० झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. या रेषेच्या अलीकडच्या माणसाला कपातीपूर्वी एक महिन्याची सूचना आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावयाचा असतो. नव्या संहितेने त्यात पुनर्कौशल्य निधीच्या नावाने आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची भर घातली आहे. रेषेपलीकडच्याला यांतले काहीही नाही. त्याच्या नेमणूकपत्रात जे लिहिले असेल तेवढेच. पिंप्राळ्याच्या गृहस्थांचा हिशेब सोपा आहे. कामगार असते तर बावीस वर्षांचे ३३० दिवस, म्हणजे सुमारे अकरा महिन्यांचा पगार त्यांचा हक्क होता. साहेब होते म्हणून तीन महिन्यांचा मिळाला, तोही उपकार म्हणून. बेकारीच्या काळातील भत्त्याचेही तसेच. कामगार राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये विमेदार बेकारांसाठी योजना आणली, परंतु विम्याची पगारमर्यादाच २१,००० रुपये असल्याने तिच्या वरचा माणूस त्या दारातही उभा राहू शकत नाही.

येथे दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात, कारण साहेबाला त्या सहसा ठाऊक नसतात. पहिली अशी की, कोण कामगार आणि कोण व्यवस्थापक हे हुद्द्याच्या नावावर ठरत नाही. प्रत्यक्षात मुख्यतः कोणते काम करावे लागते त्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे. नेमण्याचा, काढण्याचा, रजा मंजूर करण्याचा खरा अधिकार ज्याला नाही अशा माणसाच्या छातीवर 'सहायक व्यवस्थापक' ही पाटी लावली, तर पाटीने कायदा बदलत नाही. आपल्या लहान कारखान्यांत असे पाटीचे व्यवस्थापक पुष्कळ आहेत. दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. पाच वर्षे सेवा झालेल्या माणसाला, मग तो कितीही मोठा अधिकारी असो, १९७२ च्या कायद्याने मिळालेला आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेला हा हक्क आहे, आणि राजीनामा दिला म्हणून तो बुडत नाही. बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनाच्या साडेबारा महिन्यांहून अधिक होते, अर्थात कायद्याने घातलेल्या वीस लाखांच्या मर्यादेत. 'तीन महिन्यांत सर्व हिशेब मिटला' असे लिहून घेणाऱ्या मालकाने नेमके हेच मिटवलेले असते. नोकरी शोधण्याचा पहिला उपाय म्हणजे जुन्या नोकरीचा हिशेब पुरा करून घेणे, हे सल्ला देणाऱ्या पुस्तकांत सापडत नाही. हातात वर्षभराचे अन्न असलेला माणूस आणि पुढच्या महिन्याच्या हप्त्याने ग्रासलेला माणूस एकाच मुलाखतीला बसले, तर त्यांचे भाव वेगळे ठरतात.

आणि तो डबा? १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी तेथे जाऊन केलेली पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांची चाल घड्याळ लावून मोजली. पुरुष हळू चालत होते, वाटेत पुनःपुन्हा थांबत होते. बायका मात्र झपाट्याने जात होत्या, कारण त्यांना घरकाम होते. मोकळ्या वेळात माणसे वाचनालयात जातील, राजकारणात येतील, असे अनेकांना वाटे. घडले उलटे. वाचन कमी झाले आणि राजकारणातला रसही ओसरला. बेकारीने माणसे आपोआप चळवळीत येतात या समजुतीला तेव्हापासून आधार उरलेला नाही. खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर ज्या वस्त्यांची घड्याळे चालत, त्या वस्त्यांनी भोंगा थांबल्यानंतरचे दिवस पाहिले आहेत. मारिएनथालमध्ये निदान सारे एकत्र बेकार होते. लपवण्यासारखे काही नव्हते. पिंप्राळ्याचा साहेब एकटा बेकार आहे, म्हणून त्याला डबा लागतो.

या डब्याचा तोटा केवळ मनाचा नाही, व्यवहाराचाही आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. अनुभवी माणसाला काम कसे मिळते याची एक प्रसिद्ध पाहणी मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या गावी केली. १९७४ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक अशा २८२ जणांची ही पाहणी होती. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी जाहिरातीतून किंवा थेट अर्जातून मिळाली नव्हती, ती कोणाच्या तरी ओळखीतून मिळाली होती. याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. ज्याच्याकडून बातमी मिळाली तो माणूस वारंवार भेटणारा होता असे सांगणारे सहांत एक निघाले. उरलेल्यांना बातमी देणारे क्वचित किंवा अधूनमधून भेटणारे होते. कारण उघड आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते: जुना सहकारी, माल पुरवणारा, यंत्रे दुरुस्त करणारा, मालमोटारीचा दलाल, दहा वर्षांपूर्वी हाताखाली शिकून गेलेला उमेदवार.

तेव्हा जो माणूस नोकरी गेल्याचे लपवतो तो आपल्या हाताने हाच एक रस्ता बंद करतो. संगणकावरून दोनशे ठिकाणी एकच अर्ज पाठवणे त्याला सोपे वाटते, कारण त्यात कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. उत्तर न आल्याची लाजही एकट्यानेच गिळता येते. त्याऐवजी बावीस वर्षांत ज्यांच्याशी कामाचा संबंध आला अशा शंभर माणसांची यादी करावी आणि रोज चौघांना भेटावे किंवा बोलावे. 'मला नोकरी द्या' असे म्हणू नये. 'तुमच्याकडे किंवा तुमच्या माहितीत कोणत्या कामाची अडचण आहे' असे विचारावे. नकार देणे पहिल्या प्रश्नाला सोपे असते, दुसऱ्याला माणूस सहसा काहीतरी सांगतो.

परंतु ओळखीचा हा महिमा गाताना समाजवादी माणसाने सावध असले पाहिजे. आपल्या गिरण्यांच्या इतिहासात ओळखीने नोकरी देणाऱ्या माणसाला एक नाव होते: जॉबर. भरती त्याच्या हाती, बदलीवाल्याचा दिवस त्याच्या मर्जीवर, आणि दस्तुरी त्याच्या खिशात. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर कोरडे ओढले. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली ती जॉबरची पकड ढिली करण्यासाठी. आज पांढरपेशा भरतीत तोच जॉबर गळपट्टा बांधून परत आला आहे, एवढाच फरक. आणि ओळख ही जमिनीसारखी असते; ज्याच्या आजोबांकडे होती त्याच्याकडे असते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश होती. ही छापील जाहिरातीची स्थिती. जेथे जाहिरातच नाही, केवळ ओळख आहे, तेथील स्थितीची कल्पना वाचकांनी करावी. राखीव जागांतून आलेला अधिकारी सरकारी उद्योगातून बाहेर पडला की खाजगी क्षेत्रात त्याच्या यादीत शंभर नावे भरत नाहीत. २०२० च्या जानेवारीत भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांतल्या कितींच्या ओळखी कारखानदारांशी होत्या?

यावर सरकारी उत्तर म्हणजे सेवायोजन कार्यालय. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा कळवणे मालकांवर बंधनकारक केले, पण त्या तेथूनच भरणे बंधनकारक केले नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायद्याचा अर्थ हाच सांगितला. पुढे नोंदणी संगणकावर आली. कार्डाच्या जागी क्रमांक आला, बाकी फारसे बदलले नाही. वयाचाही प्रश्न आहे. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेत चाळिशीवरच्या माणसाला केवळ वयामुळे नाकारण्यास १९६७ पासून कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे खाजगी मालक 'वय पस्तिसाच्या आत' असे उघड छापतो आणि त्याला कोणी विचारीत नाही. ही मागणी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे आलेली नाही, आपल्याही नाही.

आता व्यवहाराकडे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटया विणणारे, डाळ भरडणारे, नळ्या काढणारे छोटे कारखाने आहेत. त्यांच्यातील पुष्कळांना पूर्ण पगाराचा व्यवस्थापक परवडत नाही; परंतु वीजबिल का फुगते, माल किती वाया जातो, बँकेला द्यावयाचे साठ्याचे विवरण कसे करावे, अपघात होऊ नये म्हणून यंत्राला आडोसा कुठे लावावा, हे सांगणारा माणूस आठवड्यातून दोन दिवस त्यांना हवा असतो. बावन्नाव्या वर्षी एक साहेबी नोकरी शोधण्यापेक्षा असे तीन कारखाने धरणे अनेकदा लवकर जमते. याला प्रतिष्ठित भाषेत सल्लागार म्हणतात. त्यातली मेख अशी की सल्लागाराला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, आणि बिल महिनोन्‌महिने लटकते. म्हणून अशा माणसाने सूक्ष्म उद्योग म्हणून स्वतःची 'उद्यम' नोंदणी आधी करावी. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे, आणि यात सेवा पुरवणाराही आला, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. छोट्या मालकाला हे व्याज सांगावे, भांडू नये. बहुधा सांगणे पुरते.

जुना मालक धमकी देतो ती आणखी एका कागदावर: 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच धंद्यातील दुसऱ्या कारखान्यात जाणार नाही.' या कागदाला भिऊन शहाणीसुरती माणसे घरी बसतात. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला बंदी करणारा करार रद्दबातल ठरवते. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातील एका पाळी-पर्यवेक्षकाच्या खटल्यात १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू घेतली हे खरे, परंतु तेथे पाच वर्षांच्या कराराची मुदत चालू असतानाच तो अधिक पगारावर कोट्याला निघून गेला होता. नोकरीच संपल्यानंतरची बंदी वेगळी; १९८० मध्ये एका शाखा-व्यवस्थापकाच्या प्रकरणात तशी बंदी लागू करण्यास याच न्यायालयाने नकार दिला. मालकाचे गुपित विकू नये, हे अर्थातच वेगळे. हाताला आलेले कसब मात्र मालकाचे नसते.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आणखी एक मोह पडतो, तो लवकर निवृत्तिवेतन सुरू करण्याचा. १९९५ च्या योजनेत दहा वर्षे सेवा झालेल्याला पन्नाशीनंतर ते घेता येते, पण अठ्ठावन्नच्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात कायमची बसते. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर वर्गणी भरलेल्याचे पूर्ण निवृत्तिवेतनही साडेसात हजारांच्या पुढे सहसा जात नाही. चार-दोन हजारांसाठी जन्माची कपात पत्करू नये. आणि नोकरी लावून देतो म्हणून अनामत मागणारा दलाल आला, तर तो कितीही सुशिक्षित दिसो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

हे सारे एकेकट्या माणसाला सांगता येते, आणि शहरांत यासाठी फी घेणारे सल्लागारही बसले आहेत. पक्षाचे काम त्यापुढे सुरू होते. ओळख हीच जर खरी भांडवलाची रक्कम असेल, तर ती सामाईक का करू नये? जळगावात, भुसावळात, धुळ्यात पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांना कोणत्या कारखान्यात कोणती जागा रिकामी होणार हे मालकाच्या जाहिरातीच्या महिनाभर आधी कळते. फाटकावर उभा राहणाऱ्याला ते कळतेच. ही माहिती आज चहाबरोबर संपते. रविवारी सकाळी दोन तास एक टेबल मांडून, एका वहीत एका बाजूला रिकाम्या जागा आणि दुसऱ्या बाजूला काम शोधणारे असे लिहीत गेले, तर ती जॉबरशिवायची ओळख होईल. तीत यंत्रचालक, फिटर, लेखनिक आणि व्यवस्थापक एकाच अनुक्रमाने यावेत. जातीचे आणि वयाचे रकाने तीत नसावेत.

कार्यकर्त्यांचा आक्षेप येथे पुन्हा उभा राहील: उद्या हाच साहेब दुसऱ्या कारखान्यात बसेल आणि पुन्हा असल्याच कागदावर सही करील. करीलही. साहेबाला मदत केल्याने तो कामगारांचा होतो अशी भाबडी अपेक्षा कोणी ठेवू नये. मात्र ज्याला आपली बाजू कोणती हे कधी सांगितलेच गेले नाही, त्याने मालकाची बाजू आपली मानली तर नवल कसले? कायद्याने त्याला सांगितले की तू कामगार नाहीस. संघटनेने तेच सांगितले. मालकाने मात्र बावीस वर्षे तो आपला आहे असे भासवले आणि एका दुपारी ते खोटे ठरवले. त्या दुपारनंतरचे काही महिने हा माणूस ऐकण्याच्या स्थितीत असतो. पुन्हा खुर्ची मिळाली की नसतो.

त्या अकरा कंत्राटी कामगारांचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांच्यापैकी काहींना अजून कायम काम मिळालेले नाही. त्यांची नावे वहीत साहेबाच्या आधी लिहिली गेली पाहिजेत, याविषयी वाद नाही. ते कोणाकडे, किती वर्षे आणि कोणत्या यंत्रावर काम करत होते हे लिहून देणारा अनुभवाचा दाखला त्यांच्यापैकी एकाकडेही नाही. कंत्राटदार दाखला देत नाही, आणि नवा मालक दाखल्याशिवाय कुशल कामगाराचा दर देत नाही. ते यंत्रावर कसे काम करीत हे नऊ वर्षे पाहिलेला, आणि सहीनिशी सांगू शकणारा, एकच माणूस आहे. तो सध्या सकाळी साडेआठला डबा घेऊन बाहेर पडतो. रविवारच्या टेबलावर त्याच्याकडून पहिल्याने अकरा दाखले लिहून घ्यावेत, मग त्याचा अर्ज.